नवा कागद

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा रस्ते दुचाक्यांनी भरून जातात. मग माणसं चुंचाळे, दत्तनगर, सिडकोच्या बाजूला पांगतात आणि वसाहतीत पुन्हा फक्त यंत्रांचा आवाज उरतो. त्या गर्दीत एक पोरगा होता. पेठ तालुक्यातला, आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड केलेला, एका छोट्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनं चालणारं सीएनसी मिलिंग मशीन, चालवणारा. ही गोष्ट त्याची आहे. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण वसाहतीतल्या कुठल्याही गल्लीत असा एक पोरगा सापडेल.

त्यानं मुक्त विद्यापीठात बीसीएला नाव घातलं होतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ला स्थापन झालं. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू, आणि गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला ‘ज्ञानगंगोत्री’ हा त्याचा परिसर. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं पहिले विद्यार्थी १९७१ साली घेतले, दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५चं. त्याच वाटेवरचं हे आपलं. इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ला उभं राहिलं, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतरावच होते. पुढच्याच वर्षी ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. पोरगा ज्या वसाहतीत राबत होता ती त्यांच्या काळात सुरू झालेल्या महामंडळाची, आणि ज्या विद्यापीठात शिकत होता त्याला त्यांचं नाव. पाळी आणि पुस्तक एकाच माणसाच्या नावापाशी एकत्र यावीत, हे मला योगायोगापेक्षा मोठं वाटतं. हाताला काम मिळालेल्या माणसाला शिकायलाही मिळालं पाहिजे, हा विचार त्या पिढीचा होता.

पोरगा मात्र या दोन गोष्टी एकत्र येऊ देत नव्हता. त्याला मशीनवरून उठायचं होतं. कूलंटचा वास, बोटांच्या पेरांत बसलेला काळपटपणा, बुटांच्या तळव्यांत रुतलेल्या चिप्स, हे सगळं एक दिवस मागं टाकून एसीत बसून कोड लिहायचा, एवढं एक स्वप्न. म्हणून वर्कशॉपमध्ये त्यानं कॉलेजचं कुणाला सांगितलं नव्हतं आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर गेला की वर्कशॉपचं सांगत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “कंपनीत आहे.” कसल्या कंपनीत, काय करतोस, हे पुढं कुणी विचारू नये म्हणून तो शेवटच्या बाकावर बसायचा.

पहिलं वर्ष निभावलं. लूप, अट, ॲरे, फाइल. पाठ केलं तरी चालण्यासारखं बरंच होतं. पुढं डेटा स्ट्रक्चर आलं आणि त्यात रिकर्शन. स्वतःलाच बोलावणारं फंक्शन. पुस्तकात सरळ लिहिलं होतं: फॅक्टोरियल काढणारं फंक्शन चारचा फॅक्टोरियल काढण्यासाठी तीनचा मागतं, तीनचा काढण्यासाठी दोनचा, आणि प्रत्येक वेळी त्याचे लोकल व्हेरिएबल स्टॅकवर ठेवले जातात. पुस्तकाची काही चूक नव्हती. पोरगा ते वाक्य डोळे मिटून म्हणू शकत होता. पण फंक्शन स्वतःच्याच पोटात शिरलं, तर आधीचं अर्धवट काम जातं कुठं, हे त्याला दिसत नव्हतं. जे दिसत नाही त्याचं पाठांतर करायचं, ही त्याची शाळेपासूनची सवय.

खोलीतला जोडीदार त्याच वर्गात होता. तो व्यवहारी. प्रॅक्टिकलचं जर्नल त्यानं झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणलं आणि एका रात्रीत उतरवून काढलं. म्हणाला, “अरे, पेपरात पाचच प्रोग्रॅम फिरतात. पाठ कर आणि पुढं चल.” पोरग्यानंही तेच केलं. परीक्षेत प्रोग्रॅम लिहायला आला नाही. छापलेला प्रोग्रॅम होता आणि विचारलं होतं की तो चालवला तर पायरीपायरीनं काय होईल ते दाखवा. पोरग्यानं व्याख्या लिहिली, पान भरलं आणि त्या विषयात नापास झाला. जोडीदार काठावर सुटला.

त्याच दिवसांत वर्कशॉपमध्ये नवीन जॉब आला. एका जाड प्लेटवर तीन जागी गोल, प्रत्येक गोलावर सहा भोकं. सहा भोकांचा गोल पाडणारा मॅक्रो, म्हणजे हवा तेव्हा बोलावता येणारा छोटा प्रोग्रॅम, सेटर अण्णांनी फार वर्षांपूर्वी लिहून मशीनमध्ये ठेवला होता, नंबर ९०१२. अण्णा दहावीपर्यंत शिकलेले. कंट्रोलचं इंग्रजी मॅन्युअल त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं होतं आणि उरलेलं तुटलेल्या ड्रिलांनी शिकवलं होतं. त्या दिवशी अण्णा दुसऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये अडकले होते. पोरगा मालकाला म्हणाला, “बाहेरचा प्रोग्रॅम मी लिहितो. अण्णांचा मॅक्रो तीनदा बोलवायचा, एवढंच तर आहे.” लूप तर त्याला येतच होता.

ज्यांनी सीएनसी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या यंत्रांना अंकांनी आज्ञा देण्याची सुरुवात १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दाखवलेल्या मिलिंग मशीननं झाली. आजचा ऑपरेटर जी आणि एम अक्षरांच्या ओळी लिहितो: इथून तिथं जा, स्पिंडल फिरव, कूलंट सोड. एम९८ लिहिलं की मशीन दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जातं आणि तिथं एम९९ भेटलं की परत येतं. मॅक्रोची सोय असलेल्या कंट्रोलवर याच्याही पुढं जाता येतं. तिथं #१, #२ असे व्हेरिएबल असतात, अट घालता येते, लूप फिरवता येतो. म्हणजे संगणकाच्या पुस्तकात जे असतं त्यातलं पुष्कळ त्या हिरव्या पडद्यामागं असतंच. पोरग्याला हे ठाऊक होतं आणि तरी ठाऊक नव्हतं. पुस्तकातलं ते शिक्षण, मशीनमधलं ती मजुरी, अशी त्यानं वाटणी करून टाकली होती.

त्यानं लिहिलं: #१ला एक द्या. #१ तीन किंवा त्याहून कमी असेपर्यंत फिरा. त्या क्रमांकाच्या जागी जा, एम९८नं ९०१२ला बोलवा, #१मध्ये एक मिळवा. जॉब न लावता, टूल वर ठेवून हवेतच चालवून बघितलं. स्पिंडल पहिल्या जागी गेला, सहा भोकांच्या जागा घेतल्या, वर उचलला आणि घरी परतला. प्रोग्रॅम संपला. अलार्म नाही, काही नाही. दुसरा गोल नाही आणि तिसराही नाही.

पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. त्यानं कंसातला कंस तपासला, जागांचे आकडे तपासले. कंट्रोलची बॅटरी गेली असेल असं म्हणाला. मेमरी बिघडली असेल असं म्हणाला. जेवणाची सुट्टी झाली तरी डबा उघडला नाही. शेवटी मालकाला सांगायला निघाला की सर्व्हिस इंजिनिअरला बोलवावं लागेल.

अण्णा हात पुसत आले. त्यांनी पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टचा गठ्ठा उचलला, कोरी बाजू वर केली आणि पेन्सिल पोरग्याच्या हातात दिली. म्हणाले, “तू मशीन. मी ओळ वाचणार, तू फक्त ते करायचं. डोकं चालवायचं नाही.”

“#१ बरोबर एक.”

पोरग्यानं कागदावर लिहिलं, #१, एक.

“एक तीनपेक्षा मोठा आहे का? नाही. आत जा. पहिल्या जागी जा. एम९८, ९०१२.” अण्णांनी आपल्या मॅक्रोची पहिली ओळ वाचली. “#१ बरोबर एक. हा माझा भोकांचा काउंटर.”

पोरग्यानं नवा कागद घ्यायला हात पुढं केला. अण्णांनी गठ्ठ्यावर पंजा ठेवला.

“नवा कागद तुला कुणी दिला?”

“पण अण्णा, हा तुमचा #१ आहे. माझा वेगळा.”

“तू म्हणतोस वेगळा. मशीनला कुणी सांगितलं? एम९८ला मशीन नवा कागद घेत नाही रे. आत जातं ते तोच कागद हातात घेऊन. खोड आणि लिही.”

पोरग्यानं खोडून लिहिलं. एक भोक, #१ दोन. दुसरं भोक, तीन. चार, पाच, सहा. सहावं भोक झालं आणि कागदावर सात आला. सात सहापेक्षा मोठा, म्हणून मॅक्रो संपला. एम९९. परत.

“आता तुझ्या प्रोग्रॅममध्ये आलास. #१ मध्ये एक मिळव. किती?”

“आठ.”

“तुझी अट काय होती?”

पोरगा काहीच बोलला नाही. आठ तीनपेक्षा मोठा होता. मशीननं सांगितलं तेच केलं होतं, ओळीबरहुकूम.

मग अण्णांनी दुसरी रीत दाखवली. मॅक्रो जी६५नं बोलवायचा. जी६५ला मशीन नवा कोरा कागद घेतं. आतल्याला जे लागेल ते बोलावतानाच त्याच ओळीत लिहून द्यायचं: एक्स, वाय, त्रिज्या आर. ते आकडे नव्या कागदावर #२४, #२५, #१८ होऊन बसतात. जुना कागद खाली तसाच राहतो. आतलं काम संपलं, एम९९ आलं, की वरचा कागद फेकून द्यायचा आणि खालचा उचलायचा. तो आपण सोडला होता तसाच असतो.

“अण्णा, असे किती कागद मिळतात?”

“ह्या कंट्रोलवर मेन प्रोग्रॅमचा एक आणि त्याच्यावर चार. पाचवा मागितलास तर अलार्म.”

पोरग्यानं एम९८ची ओळ काढून जी६५ची घातली. तिन्ही गोल पडले. मालकानं पहिला तुकडा मोजून घेतला आणि जॉब चालू झाला. वर्कशॉपपुरती गोष्ट तिथं संपली.

पोरग्याच्या डोक्यात संपली नव्हती. वर एकेक कागद ठेवत जायचा आणि वरचाच आधी काढायचा, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. रात्री खोलीवर त्यानं पुस्तक काढलं. फॅक्टोरियलचा तोच प्रोग्रॅम, जो तो डोळे मिटून म्हणू शकत होता. डायरीची पानं फाडून त्यानं चिठ्ठ्या केल्या आणि स्वतः मशीन झाला. पहिली चिठ्ठी: एन चार, मला तीनचं उत्तर पाहिजे, थांबलो. तिच्यावर दुसरी: एन तीन, मला दोनचं पाहिजे, थांबलो. तिसरी: एन दोन, मला एकचं पाहिजे, थांबलो. चौथी: एन एक, उत्तर एक. आता परत. चौथी फेकली, एक हातात. तिसरीवर एन दोन, दोन गुणिले एक, दोन. फेकली. दुसरीवर एन तीन, तीन गुणिले दोन, सहा. पहिलीवर एन चार. चोवीस.

अर्धवट काम कुठं जातं, हा त्याचा इतक्या दिवसांचा प्रश्न होता. ते कुठंच जात नाही. खालच्या चिठ्ठीवर थांबून राहतं.

मग त्यानं एक गोष्ट केली जी पुस्तकानं सांगितली नव्हती, आणि मला या सगळ्या गोष्टीत तीच सर्वांत मोलाची वाटते. त्यानं मुद्दाम चूक करून पाहिली. समजा नवी चिठ्ठी मिळालीच नाही, एम९८सारखं सगळं एकाच चिठ्ठीवर लिहावं लागलं तर? चार खोडून तीन, तीन खोडून दोन, दोन खोडून एक. परत येताना प्रत्येक पायरीला एन एकच. एक गुणिले एक, गुणिले एक, गुणिले एक. चारचा फॅक्टोरियल एक. दुपारी एकाच गोलानंतर घरी परतलेला स्पिंडल आणि हे चुकलेलं उत्तर ही एकच चूक होती. आणि अण्णांचा पाचव्या कागदाचा अलार्म म्हणजे पुस्तकातलं स्टॅक भरून वाहणं. ज्या पानावर परीक्षेआधी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती, ते पान त्या रात्री त्याच्यासाठी पहिल्यांदा उघडलं.

जोडीदारानं आधी चिठ्ठ्यांना हसून घेतलं. परीक्षा जवळ आली तेव्हा तोही शेजारी बसून पानं फाडू लागला.

पुढच्या रविवारी अभ्यासकेंद्रावर शिकवणाऱ्या संमंत्रक मॅडमनी वर्गाला विचारलं, “एकाच फंक्शनचे चार एन एकाच वेळी जिवंत आहेत, तर ते एकमेकांत मिसळत का नाहीत?” पुढच्या बाकांवरून व्याख्या आली. मॅडम म्हणाल्या, “हे पुस्तकात आहे. तुम्हाला कसं कळलं ते सांगा.” शेवटच्या बाकावरचा हात वर आला आणि अर्ध्यावर थांबला. कारण कसं कळलं हे सांगायचं, तर वर्कशॉप सांगावं लागणार होतं, कूलंट सांगावं लागणार होतं, अण्णा सांगावे लागणार होते.

त्यानं सांगितलं. आधी चाचरत, मग फळ्यापाशी जाऊन. जी६५ काय ते मॅडमना माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते तिथंच वर्गासमोर सांगून टाकलं. त्या आपल्या खुर्चीवरून उठून बाकावर बसल्या आणि एकेक ओळ विचारून घेतली. मला अशा शिक्षकांबद्दल फार आदर वाटतो. विद्यार्थ्याला येतं आणि आपल्याला येत नाही, असा क्षण वर्गात आला की बहुतेकजण विषय बदलतात.

मग मॅडमनी आपल्याकडचं दिलं. म्हणाल्या, “संगणकाच्या जगालाही हा कागद सुरुवातीला सुचला नव्हता. १९५८च्या फोरट्रानमध्ये प्रत्येक उपप्रोग्रॅमला एक कागद मिळायचा, पण कायमचा एकच. त्यानं स्वतःला बोलावलं तर तो आपलंच लिहिलेलं खोडणार, म्हणून स्वतःला बोलावण्याची सोयच नव्हती. १९६०च्या अल्गोलमध्ये ती आली. प्रत्येक बोलावण्याला नवा कागद देऊन तो गठ्ठ्यावर कसा ठेवायचा, यावर डाइक्स्ट्रा यांनी त्याच वर्षी निबंध लिहिला. फोरट्रानच्या मानकात ही सोय यायला फोरट्रान ९० उजाडावं लागलं. तेव्हा तुम्ही दुपारभर ज्या चुकीपाशी अडला होतात, तिच्यापाशी फार मोठी माणसं अडून गेली आहेत.” आणि विचारलं, “ते अण्णा कधी इकडं येतील का?”

अण्णा आले नाहीत. पाळीचं गणित जमलं नाही. पोरग्यानं पुस्तकच वर्कशॉपमध्ये नेलं आणि स्टॅकचं प्रकरण दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून ते चहाच्या सुट्टीत वाचलं, इंग्रजी शब्दांपाशी थांबत, बोट ओळीखाली धरून. वाचून झाल्यावर म्हणाले, “हे तर आपलंच आहे. पुढचं काय आहे ह्याच्यात?” पुढं लिंक्ड लिस्ट होती, पॉइंटर होते. ते प्रकरण पोरग्यालाही येत नव्हतं. दोघांनी ते रिपोर्टच्या कोऱ्या बाजूंवर चालवून पाहिलं. एका कागदावर दुसऱ्या कागदाचा नंबर लिहायचा, दुसऱ्यावर तिसऱ्याचा. पोरगा आता वर्कशॉपमध्ये कॉलेजबद्दल बोलू लागला होता. मालकानं ऐकलं आणि परीक्षेच्या दिवसांत पाळी बदलून दिली. हे आधी सांगितलं असतं तर आधीही मिळालं असतं, असं मला वाटतं.

राहिलेला विषय तो पुढच्या परीक्षेत पास झाला. गुण फार नव्हते. प्रोग्रॅम चालवून दाखवण्याच्या प्रश्नाला मात्र त्यानं उत्तरपत्रिकेत एकाखाली एक चौकोन काढले होते, थांबलेले आणि परत आलेले. पदवी पूर्ण झाल्यावर तो एसीत बसायला पुण्याला गेला नाही. वर्कशॉपमध्ये नव्या जॉबचे प्रोग्रॅम आता तो लिहितो. प्रत्येक मॅक्रोच्या डोक्यावर कंसात कुठला व्हेरिएबल कशासाठी घेतला ते लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या पाळीतल्या माणसाची दुपार वाया जाऊ नये. पुढं त्याला दुसरीकडं जावंसं वाटलं तर त्यानं खुशाल जावं, शिक्षण त्यासाठीही असतं. पण जाताना तो हात लपवून जाणार नाही.

गोवर्धन ते अंबड हे अंतर दुचाकीनं सहज तुटतं. पोरग्याच्या पुस्तकात आणि पाळीत जे अंतर होतं ते तोडायला मात्र अण्णांचा कागद लागला आणि मॅडमचा प्रश्न लागला. म्हणून अभ्यासकेंद्रांवर शिकवणाऱ्या सर्व संमंत्रकांना माझी एक विनंती आहे. पहिल्याच रविवारी, पहिलं प्रकरण उघडण्याआधी, समोर बसलेल्या प्रत्येकाला विचारा की तो आठवडाभर हातानं काय करतो. शेवटच्या बाकापर्यंत विचारा. आणि वसाहतीतल्या अण्णांनो, तुमच्या हाताखालचं पोरगं सुट्टीत पुस्तक काढून बसलं, तर त्याच्याशेजारी बसा आणि एक कोरा कागद त्याच्याकडं सरकवा.